बाण घडवणारा आणि नाथांची एक पै



आज वाचनात एकनाथी भागवताचा नववा अध्याय आहे. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतोय, आणि त्यातला एक गुरू म्हणजे बाण घडवणारा कारागीर. हातातल्या बाणात तो इतका गढून गेलाय की जवळून वाजतगाजत राजाची स्वारी गेली, तरी याला पत्ता नाही.

आम्हा आयटीवाल्यांना ही गोष्ट ऐकल्याऐकल्या पटते. कानाला हेडफोन, फोन सायलेंट, आणि कुणी येऊन खांद्याला हात लावला तर कपाळावर आठी. पण मूळ भागवतात हा कारागीर जेमतेम एका श्लोकात येऊन जातो. ज्यांनी त्याला मराठीत आणलं, त्या नाथांचं आयुष्य या विषयावर जास्त सांगतं असं मला वाटतं. म्हणून आज ओव्या बाजूला ठेवून थोडं नाथांबद्दल.

एकनाथ महाराज पैठणचे, जन्म साधारण 1533 चा. संत भानुदास त्यांचे पणजोबा. आईवडील लहानपणीच गेले, सांभाळलं ते आजोबांनी, चक्रपाणींनी. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घरी न सांगता देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेला. स्वामी दत्तभक्त, आणि त्याच वेळी किल्ल्याचे किल्लेदार. म्हणजे नाथांचा आश्रम हा एक चालतं सरकारी ऑफिसच होतं म्हणा ना! गुरुसेवा म्हणून वाट्याला काय आलं, तर हिशोबाच्या वह्या.

एका रात्री हिशोबात एका पैचा फरक आला. पै म्हणजे अगदी किरकोळ नाणं, कुणी विचारलंही नसतं. नाथ दिवा लावून बसले. वात सरली की नवी घातली, तेल संपलं की ओतलं, आणि उत्तररात्री केव्हातरी चूक सापडली. आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. ज्यांनी रात्री तीन वाजता एखादा बग पकडलाय, त्यांना ती टाळी वेगळी समजावून सांगायला नको.

स्वामी जागे झाले. एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर हेच चित्त भगवंताकडे लागलं तर काय होईल, अशा अर्थाचं ते बोलले. कीर्तनात हा प्रसंग बऱ्याचदा हिशोबाला क्षुल्लक ठरवायला सांगतात. मला तसं वाटत नाही. पोराचं मन रात्रभर एका जागी बसू शकतं, हे स्वामींना त्या वह्यांमुळेच कळलं. त्यानंतर दत्तदर्शन, मग शूलिभंजनच्या डोंगरावर तपश्चर्या.

देवगिरीचाच आणखी एक प्रसंग आहे, तो तुलनेने कमी सांगितला जातो. स्वामी ध्यानात असताना किल्ल्यावर शत्रू चालून आला. नाथांनी त्यांना उठवलं नाही. त्यांचाच पोशाख आणि शस्त्रं चढवून स्वतः लढाईला गेले, शत्रू परतवला आणि सगळं जागच्या जागी ठेवून दिलं. आपण स्वतःसाठी शांतता मागतो. दुसऱ्याची शांतता राखायला स्वतः गोंधळात उतरणं, हे मी तरी ऑफिसात फार कमी पाहिलंय. (ज्या टीममध्ये असा एखादा लीड असतो ती टीम नशीबवान.)

पुढे गुरुआज्ञेने पैठणला येऊन गिरिजाबाईंशी लग्न, संसार, मुलंबाळं. घरात सदा पाहुणे, अन्नदान, रोजचं कीर्तन. वर गावातल्या कर्मठांचा विरोध. अशा घरात बसून भागवत लिहायला घेतलं. पहिले पाच अध्याय पैठणला आणि बाकीचे काशीत झाले असं सांगतात. ग्रंथ पूर्ण झाला तो 1573 मध्ये, वाराणसीला, कार्तिकी पौर्णिमेला. अठरा हजारांवर ओव्या!

आणि मग ती पै परत आली. ज्ञानेश्वरी लिहून तीनशे वर्षं होत आली होती. नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कुणी आपल्या पदरच्या ओव्याही घुसडल्या होत्या. नाथांनी जुन्या प्रती मिळवल्या, शब्दाला शब्द लावून पाहिला आणि 1584 मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. दोन फाइल्समधला फरक दाखवायला आज आमच्याकडे टूल आहे. तेव्हा पोथ्या, दिवा आणि डोळे एवढंच. त्यातही कठीण भाग वेगळाच असावा. स्वतः एवढा मोठा कवी, आणि हजारो ओव्यांमधून जाताना आपली एकही ओवी आत जाऊ द्यायची नाही. शिवाय पुढे कुणी भर घालू नये म्हणून शेवटी ताकीदही लिहून ठेवली.

आता मला या सगळ्यात सर्वांत जास्त छळणारा प्रसंग. भर दुपार, नाथ गोदावरीवर आपल्या नित्यकर्माला निघालेले. वाळू तापलेली. त्या वाळवंटात एक लहान मूल आईला चुकून रडत होतं, अस्पृश्य मानलेल्या वस्तीतलं. बाण घडवणाऱ्याला नगारे ऐकू आले नव्हते. नाथांचं चित्त त्याच्यापेक्षा कमी लागलेलं होतं असं कोण म्हणेल? पण त्यांना ते रडणं ऐकू आलं. माझे हेडफोन नगारा आणि रडणं यांत काही फरक करत नाहीत, दोन्ही सारखंच बंद करतात.

नाथांनी ते मूल उचललं, कडेवर घेतलं, त्याचं तोंड पुसलं. गाव काय म्हणेल ते त्यांना माहीत होतं. पाय भाजत होते. त्या वस्तीत जाऊन त्यांनी मूल आईच्या हातात दिलं.