एली मेचनिकॉफ : शरीरातले शिपाई शोधणारा शास्त्रज्ञ

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शिपाई, असं आपण मुलांना शिकवतो. हे ओळखलं एली मेचनिकॉफ यांनी. जन्म १८४५, खारकीवजवळ. १८८२ मध्ये इटलीत मेसिना इथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटे टोचले. सकाळी बघतात तर काट्यांभोवती पेशी जमलेल्या! अनेकांनी विरोध केला, पण ते मागे हटले नाहीत. १९०८ साली नोबेल मिळालं. १९१६ मध्ये पॅरिसला त्यांचं निधन झालं.

पुढे कळलं, हे शिपाई मेलेल्या पेशींचा कचराही उचलतात. त्यांच्यात जन्मतः दोष असेल तर जंतू माजतात. कचरा साचला तर शरीर स्वतःवरच हल्ला करू शकतं. म्हणून सतत आजारी पडणाऱ्या मुलाला नुसतं टॉनिक देऊ नका, डॉक्टरांकडून तपासून घ्या.