खलाशांच्या वेस्टनबाई

महिनोन्‌महिने समुद्रावर काढल्यावर जहाज बंदराला लागतें, खलाशास रजा मिळते आणि सांचलेला पगार हातीं येतो. मग त्यानें रात्र काढावी कोठें? एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील डेव्हनपोर्ट बंदरीं ह्या प्रश्नाचें उत्तर बहुधा दारूचा गुत्ता हेंच असे. तेथें ऊब होती, सोबत होती. आणि सकाळीं खिसा रिकामा होई. घरीं बायकामुलें त्याच पैशाची वाट पाहत असत.

मिस ॲग्नेस वेस्टन ह्यांचा जन्म १८४० सालीं लंडनांत एका बॅरिस्टराच्या घरीं झाला व त्या बाथ शहरीं वाढल्या. समुद्राशीं त्यांचा संबंध आला तो एका पत्रामुळें. तें त्यांनीं ओळखीच्या शिपायास लिहिलें होतें. तो ‘क्रोकोडाइल’ जहाजावर होता. हें जहाज हिंदुस्थानांतील गोऱ्या पलटणींची ने-आण करी, म्हणून मुंबई बंदरासहि परिचित होतें. जहाजावरील एका नोकरानें तें पत्र वाचलें आणि आपणांसहि असें कोणी लिहावें असें त्यास वाटलें. बाईंनीं त्यास लिहिलें, मग त्याच्या सोबत्यांस. पुढें हातानें लिहिणें पुरेना, तेव्हां दरमहा पत्र छापूं लागल्या.

१८७३ सालीं सोफिया विंट्झ ही जन्माची सहकारीण त्यांस मिळाली. गोदीच्या दरवाजाजवळ दारूवांचून बसावयास जागा असावी, ही मागणी खुद्द खलाशांचीच होती. १८७६ सालीं डेव्हनपोर्टला पहिलें विश्रामगृह उघडलें. गरम कॉफी, जेवण, वाचावयास वर्तमानपत्रें, आणि जहाजावरील झोळीऐवजीं स्वच्छ बिछाना! उपासना होत असे, पण तिची सक्ती नव्हती. शिवाय खलाशी पैसे देऊन राही. तो पाहुणा होता, भिकारी नव्हे. बाईंचें खरें शहाणपण आम्हांस ह्यांतच दिसतें.

१८८१ सालीं पोर्टस्मथ येथें दुसरें गृह निघालें. १८९३ मध्यें ‘व्हिक्टोरिया’ ही युद्धनौका बुडून साडेतीनशेंहून अधिक माणसें मेलीं, तेव्हां त्यांच्या विधवांसाठींहि बाई धांवल्या.

२३ ऑक्टोबर १९१८ रोजीं त्या वारल्या. आरमाराच्या पूर्ण मानानें त्यांस पुरण्यांत आलें. तत्पूर्वीं हा मान कोणाहि स्त्रीस मिळाला नव्हता. डेव्हनपोर्टची ती इमारत १९४१ च्या बाँबहल्ल्यांत नष्ट झाली. संस्था मात्र चालूच आहे, आणि ब्रिटिश आरमारांतील माणसें तिला अद्यापि बाईंच्याच लाडक्या नांवानें, ‘ॲगीज’ म्हणून, ओळखतात.