आल्फ्रेड मार्शल

आल्फ्रेड मार्शल यांचा जन्म इ. स. १८४२ मध्यें लंडन येथें झाला. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी वडिलांची इच्छा. मुलाचा ओढा गणिताकडे. अखेर चुलत्यांनीं पैसे कर्जाऊ दिले, तेव्हां ते केंब्रिजला गेले. पुढें सुटींत ते शहरांतील गरीब वस्त्यांतून हिंडत. दारिद्र्य अटळच आहे काय, ह्या प्रश्नानें त्यांस अर्थशास्त्राकडे वळविलें.

वस्तूचें मोल उत्पादनखर्चानें ठरतें कीं गिऱ्हाइकाच्या गरजेनें, हा वाद जुना होता. कात्रीचें वरचें पातें कागद कापतें कीं खालचें, असें विचारण्यासारखेंच तें आहे, असें त्यांनीं १८९० च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. पहिल्या आंब्याची गोडी पांचव्यास नसते, हें आम्हां सर्वांस ठाऊक आहे. म्हणूनच भाव उतरल्यावांचून आपण अधिक घेत नाहीं. सामान्य वाचक बिचकूं नये म्हणून ह्या गणितज्ञानें आकृत्या मात्र तळटीपांत घातल्या!

एका दरिद्री मनुष्याचें लहानसें तैलचित्र विकत घेऊन त्यांनीं आपल्या खोलींत लाविलें होतें. १९२४ सालीं ते निवर्तले.