कावसजी दादाभाई नायगमवाला

कावसजी दादाभाई नायगमवाला (इ.स. १८५७ – इ.स. १९३८) हे भारतीय खगोलभौतिकशास्त्रज्ञ आणि पुण्यातील महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे संस्थापक होते. ताऱ्यांच्या व तेजोमेघांच्या प्रकाशाचे वर्णपट अभ्यासणारे ते देशातील आरंभीचे संशोधक मानले जातात.

जीवन

पारशी कुटुंबात जन्मलेल्या नायगमवाला यांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले व पुढे तेथेच ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी दिलेली ५,००० रुपयांची देणगी आणि मुंबई सरकारने घातलेली तेवढीच भर यांतून वर्णपट-प्रयोगशाळेची योजना निघाली. इंग्लंडच्या दौऱ्यात तेथील खगोलज्ञांशी विचारविनिमय झाल्यावर प्रयोगशाळेच्या जागी वेधशाळेचा संकल्प पुढे आला. नायगमवाला पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात आले आणि १८८८ च्या सुमारास त्याच्या आवारात वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण हे तिचे मुख्य साधन होते. त्या काळी भारतात तिच्याएवढी मोठी दुर्बीण नव्हती.

दुर्बिणीचा माग

पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकत असते. वर्णपटयंत्राच्या केसासारख्या अरुंद फटीवर तेजोमेघाचा प्रकाश टिकवायचा, तर दुर्बिणीनेही त्याच गतीने वळत राहावे लागते. तेव्हाच्या दुर्बिणी विजेच्या मोटारीवर फिरत नसत. खाली उतरणारे वजन घड्याळ-यंत्र चालवी, गतिनियंत्रक वेग सारखा राखी आणि मळसूत्री दांडा मोठे दंतचक्र फिरवी. चक्राचा अक्ष ध्रुवाकडे रोखलेला असावा लागे. पुण्यात तो क्षितिजाशी अवघा साडेअठरा अंशांचा कोन करतो, तर डब्लिनमध्ये हाच कोन ५३ अंशांहून अधिक.

तारा फटीवरून ढळला, तर दोष कोठे आहे हे त्याच्या ढळण्याच्या दिशेवरून कळते. तो उत्तरेला वा दक्षिणेला सरकत असेल, तर अक्ष ध्रुवाकडे नीट रोखलेला नसतो. पूर्वेला वा पश्चिमेला एकसारखा मागे-पुढे पडत गेला, तर घड्याळाची गती चुकलेली असते. ठरावीक वेळाने झोके घेत असेल, तर मळसूत्राच्या आट्यांत खोट असते. आजच्या मोटारीच्या दुर्बिणींनाही हीच परीक्षा लागू पडते.

मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या निरीक्षणांतून नायगमवाला यांनी १८९१ मध्ये दाखवले, की त्याची मुख्य हिरवी रेषा रेखीव व एकेरी आहे. ती मॅग्नेशियमच्या वर्णपट्ट्याचा अवशेष असल्याचे नॉर्मन लॉकयर यांचे मत होते. लॉकयर हे त्या क्षेत्रातील मोठे नाव, आणि पुण्यातील एका प्राध्यापकाचा निष्कर्ष त्यांच्या विरुद्ध गेला. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सिद्ध केले.

जेऊरचे सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणातून चढून मराठवाड्यावरून विदर्भाकडे गेली. मुंबई-पुण्यात प्लेगचे ते दिवस होते. नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे तळ ठोकला. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटांची. माग चुकला तर दुसरी संधी नाही. जवळच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांचा तळ होता. त्यांचा ४० फुटी कॅमेरा मुळी हलतच नसे, घड्याळ-यंत्राने छायाचित्राची काच तेवढी सरकवली जाई. नायगमवाला यांनी ग्रहणकाळी वर्णपटांची छायाचित्रे घेतली व पुढे सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

वेधशाळेचा शेवट

वेधशाळा एका माणसाच्या खांद्यावर उभी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि ती बंद करून तिची उपकरणे कोडाईकनालला पाठवण्यात आली. २० इंची दुर्बीण तेथे पुढे ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने ओळखली गेली. त्या नावात पुणेही नाही आणि नायगमवालाही नाहीत.