आमच्या नर्सीचे नामदेव

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. मी हिंगोली जिल्ह्यातला. होस्टेलवर हे सांगितलं की पोरं नकाशा शोधायला लागतात. मग मी नामदेवांचं नाव पुढे करतो.

कयाधूकाठचं नर्सी हे त्यांचं जन्मगाव मानतात. साल 1270, शिंप्याचं घर, वडील दामाशेटी, आई गोणाई. आयुष्य गेलं ते पंढरपुरात विठ्ठलापाशी. गुरू विसोबा खेचर मात्र आमच्या औंढ्याला भेटले, अशी परंपरा आहे.

औंढ्याची गोष्ट आजीनं सांगितलेली. नामदेव देवळामागे कीर्तनाला बसले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, म्हणून तिथला नंदी आजही मागच्या बाजूला आहे. सिव्हिलला आल्यावर मी पायाचं काय झालं असेल याचा विचार करत बसलो! पण नामदेव मागे गेलेच का, हे विचारायचं कधी सुचलंच नाही. जात हीन म्हणून त्यांना समोरून उठवलं होतं. देऊळ फिरल्याचा हा प्रसंग त्यांच्या एका पदात आहे (गावाचं नाव त्यात नाही) आणि ते पद जपलं शिखांनी. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. पंजाबात घुमानला त्यांनी बरीच वर्षं काढली. 2015 चं मराठी साहित्य संमेलन तिथंच भरलं होतं.

मला मोठे वाटतात ते चोखोबांच्या मरणानंतरचे नामदेव. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली. त्याखाली वेठीला धरलेले मजूर गेले, चोखामेळाही गेले. नामदेव तिथं गेले, त्यांनी ढिगाऱ्यातून मित्राची हाडं वेचली आणि पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. समोर म्हणजे बाहेरच, कारण महाराला आत जाता येत नव्हतं. 1350 मध्ये नामदेवांनी स्वतःही त्याच दाराची पायरी निवडली.

जोहान्सबर्गला 2001 मध्ये वर्णभेदाचं म्युझियम उघडलं. तिथं तिकिटावर गोरा किंवा गोरेतर असं छापून येतं आणि त्याप्रमाणे वेगळ्या दारानं आत सोडतात. कल्पना भारी आहे, पण आपल्याकडे असं दार खरंखुरं आहे. ते उघडावं म्हणून 1947 मध्ये साने गुरुजी उपोषणाला बसले, आणि त्याच वर्षी ते सगळ्यांना उघडलं. चोखोबांना जाऊन तेव्हा 609 वर्षं झाली होती. समाधी अजून बाहेरच आहे, आणि ती आत हलवू नये असं मला वाटतं.

मागच्या सुट्टीत घरच्यांबरोबर गेलो होतो. नामदेव पायरीवर पाय पडू नये म्हणून आईनं मला दंडाला धरून बाजूला ओढलं. चोखोबांची समाधी इथं बाहेर का, असं मी वडिलांना विचारलं. ते म्हणाले, आधी रांग धर, नंतर बघू.