विश्लेषण : अमेरिकेतील युद्ध, शिरूरचा बहिष्कार आणि सुप्याचा दंगा, न्यायमूर्ती रानडे यांनी शेतीचे अर्थकारण कसे मांडले?

कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली की शिरूर आणि दौंडमधील शेतकऱ्याला त्याचा फटका काही दिवसांतच बसतो. परदेशातील घडामोडींनी गावातील भाव पडण्याचा अनुभव मात्र या भागाला नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यातून सावकारविरोधी उठाव पेटला. त्यातून कायदा झाला आणि त्या कायद्याची अंमलबजावणी पाहण्याचे काम न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आले. समाजसुधारक म्हणून परिचित असलेल्या रानडे यांची ही बाजू काहीशी मागे पडली आहे.

रानडे या प्रश्नाकडे कसे वळले?

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी नाशिक जिल्ह्यातील निफाडचा. बालपण कोल्हापुरात गेले, शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत झाले. १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. पुणे सार्वजनिक सभेची स्थापना आदल्याच वर्षी झाली होती. गणेश वासुदेव जोशी म्हणजेच सार्वजनिक काका सभेचा कारभार पाहत. रानडे सरकारी नोकरीत असूनही सभेच्या विचारांची दिशा ठरवू लागले. शेतसारा, कर्ज आणि दुष्काळ यांची गावोगावची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडणे हे सभेचे मोठे काम ठरले.

अमेरिकेतील युद्धाचा इथे काय संबंध?

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना मिळणारा तिथला कापूस आटला. मुंबईतून कापसाची निर्यात वाढली, भाव भडकले. शिरूर आणि भीमथडी हा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा प्रदेश. (आजच्या दौंड-बारामतीचा बराच भाग तेव्हा भीमथडी तालुक्यात होता.) पण तेजीत धान्याचे भावही चढले आणि सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८५८ मध्येच पुण्याहून दौंडमार्गे दिक्सळपर्यंत रेल्वे आली होती. त्यामुळे इथला बाजार बाहेरच्या भावांशी जोडला जात होता.

१८६५ मध्ये युद्ध संपले आणि तेजी ओसरली. त्याच सुमारास जुन्या तीस वर्षांच्या सारापद्धतीची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली. ती ठरवताना तेजीच्या काळातील भावही विचारात घेतले गेले. उत्पन्न घटत असताना सारा वाढला आणि तो भरायला पुन्हा सावकाराचेच दार ठोठवावे लागले.

कर्ज फिटत का नव्हते?

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आली. कर्जदाराला संरक्षण देणे हा हेतू होता, परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिसळून नवा कागद करून घेई. समजा, १०० रुपयांवर दरसाल २५ टक्के व्याज आहे. तीन वर्षांनी नवा कागद १७५ रुपयांचा होतो, सहा वर्षांनी आकडा ३०६ रुपयांवर जातो. व्याज मुद्दलापेक्षा जास्त नसावे हा दामदुपटीचा जुना नियम अशा नव्या कागदांमुळे निरुपयोगी ठरे. कोर्ट समोरचा कागद पाही, त्यामागचा हिशेब पाहत नसे.

शिरूर आणि सुप्यात काय घडले?

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. एका देशमुखाच्या घरावर सावकाराने कोर्टाच्या हुकूमनाम्याने आणलेली टाच हे निमित्त ठरले. गावकऱ्यांनी सावकारांची सगळी कामे बंद केली. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे बाजारच्या दिवशी जमावाने सावकारांची घरे-दुकाने फोडली. पुढे दंगा नगर जिल्ह्यातही पसरला. जमावाचा रोख प्रामुख्याने कर्जाच्या कागदांवर होता. कागद मिळाले की ते जाळले जात. रानडे तेव्हा पुण्यातच होते.

कायद्याने काय बदलले?

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्यानंतर १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांना तो लागू झाला. कागदामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जापायी अटक थांबली आणि फेडीसाठी हप्ते बांधून देता येऊ लागले.

त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडामुळे पुण्यातील सुशिक्षितांवर सरकारचा संशय होता. रानडे यांची बदली धुळ्याला झाली, त्यांच्या पत्रव्यवहारावरही नजर ठेवली गेली. पण पुढे याच सरकारने त्यांना नव्या कायद्याच्या कामावर नेमले. चारही जिल्ह्यांत फिरून ते कोर्टांचे काम तपासत. १८८७ मध्ये ते या कायद्याखालील विशेष न्यायाधीश झाले आणि १८९३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेले.

मग रानडे यांचा आक्षेप कशाला होता?

कायदा सावकाराला आवरेल, पण बी-बियाण्याला पैसा कोण देणार, हा त्यांचा मुद्दा होता. विल्यम वेडरबर्न यांनी १८८२ मध्ये पुरंदर तालुक्यासाठी शेती बँकेची योजना मांडली. रानडे तिच्या समर्थकांत होते. भारत सरकार अनुकूल असूनही लंडनच्या इंडिया ऑफिसने ती फेटाळली.

दुसरा आक्षेप व्यापार धोरणाला होता. भारताने कच्चा माल पाठवायचा आणि पक्का माल विकत घ्यायचा, या रचनेत सगळा भार शेतीवर पडतो, असे त्यांचे विश्लेषण होते. १८८२ मध्ये कापडावरील आयात शुल्क रद्द झाले, तर जर्मनी आणि अमेरिका आपल्या उद्योगांना संरक्षण देत होते. खुल्या व्यापाराचा सिद्धांत सर्व देशांना सारखा लागू होत नाही, ही भूमिका रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजमधील व्याख्यानात मांडली.

त्यांच्या विचारांना मर्यादाही होत्या. जमीन काही प्रमाणात भांडवलदार मालकांकडे जाणे त्यांना अपरिहार्य वाटे. गरीब कुळाचे काय, या प्रश्नाला त्यात पुरेसे उत्तर नव्हते.

आज याचे महत्त्व काय?

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे यांचे निधन झाले. तीन वर्षांनी सहकारी पतसंस्थांचा कायदा आला आणि शेतीसाठी संस्थात्मक कर्जाचा मार्ग खुला झाला. व्यापार धोरणाचा प्रश्न मात्र कायम आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांदा निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली, पण त्यासोबत ४० टक्के शुल्क लावले. हे शुल्क पूर्णपणे हटण्यास एप्रिल २०२५ उजाडले. त्या काळात शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याच्या कर्जाचे हप्ते मात्र थांबले नव्हते.