चिरागनगरचे कादंबरीकार

तुमच्यापैकी काही जण घाटकोपरला राहत असतील. तेथे चिरागनगर नावाची वस्ती आहे. चिराग या शब्दाचा अर्थ तुम्हांला सांगायला नको. या वस्तीतील एका लहानशा झोपडीत मराठीतील एक थोर कादंबरीकार राहत होते. त्यांचे नाव अण्णा भाऊ साठे.

अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. त्यांचे मूळ नाव तुकाराम. ते मातंग समाजातील होते. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या मुलांना शाळेत फार अपमान सोसावा लागे. अण्णा भाऊंची शाळा जेमतेम दीड दिवस चालली, असे सांगतात. पुढे आईवडिलांबरोबर ते मुंबईला आले, तेही पायी! तीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर ते चालले. मुंबईत त्यांनी कोळसे वेचले, ओझी वाहिली, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचत ते अक्षरे शिकले.

मग अशा माणसाने तीसहून अधिक कादंबऱ्या कशा लिहिल्या? त्याला गोष्टी सुचल्या कोठून?

अण्णा भाऊंना गोष्टी शोधायला लांब जावे लागले नाही. वारणा नदीच्या खोऱ्यात फकिरा नावाचा एक शूर माणूस होऊन गेला होता. त्याच्या हकिकती त्यांनी लहानपणी ऐकल्या होत्या. भुकेलेल्या लोकांसाठी इंग्रज सरकारशी वैर घेणाऱ्या या माणसावर त्यांनी 'फकिरा' ही कादंबरी लिहिली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

मुंबईच्या उपनगरानेही त्यांना गोष्टी दिल्या. 'स्मशानातील सोनं' या कथेतील भीमा गावाकडून पोट भरायला आलेला आहे. तो उपनगरातील खाणीत दगड फोडतो. एक दिवस खाण बंद पडते. घरात बायको आहे, लहान मुलगी आहे. स्मशानातील राखेत भीमाला सोन्याची अंगठी सापडते आणि तो रात्री-अपरात्री स्मशाने धुंडाळू लागतो. शेवटी एका प्रेताच्या तोंडातून सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात. ती बोटे त्याला गमवावी लागतात. आणि त्याच वेळी बातमी येते, की खाण पुन्हा सुरू झाली! दगड फोडणारे हात गेल्यावर काम आले. खाणीवरच्या मजुरांमध्ये वावरलेल्या लेखकालाच असा शेवट सुचतो.

अण्णा भाऊ शाहीरही होते. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. अमर शेख यांचे खरे नाव मेहबूब हुसेन पटेल. ते बार्शीचे. या दोस्तांनी डफाच्या तालावर गिरणी कामगारांना जागे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही त्यांचे पोवाडे गाजले.

१९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. पण त्यांची गरिबी काही हटली नाही. १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांना एकोणपन्नास वर्षेही पूर्ण झाली नव्हती.